सहा वर्षे टिकायला हवी अशी दुधाची दाढ: मूळनलिकेत काय भरावे?

पाच वर्षे दोन महिने वयाच्या एका मुलीला, उजवीकडच्या खालच्या दाढेलगत हिरडीवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या पुळीसाठी तपासणीला आणण्यात आले. काही महिन्यांपूर्वी ती रात्री दाढ दुखते म्हणून रडत उठत असे. पुढे दुखणे आपोआप थांबले आणि दाढ बरी झाली, असे घरच्यांनी गृहीत धरले. प्रत्यक्षात दाढेतली नस, म्हणजे दंतमज्जा, मृत झाल्यामुळे वेदना थांबली होती आणि जंतुसंसर्ग मुळांच्या बाहेर हाडापर्यंत पोहोचला होता. पुळी फुटली की पू निघून जाई, दाब कमी होई आणि मूल खेळायला मोकळे होई. त्यामुळे आजार वाढत असूनही घरात कोणाला त्याची घाई वाटली नाही.

तपासणीत खालची उजवी दुसरी दुधाची दाढ (क्रमांक 85) चावण्याच्या पृष्ठभागावर खोलवर किडलेली आढळली. दाढेच्या बाजूच्या भिंती बऱ्यापैकी शाबूत होत्या, म्हणजे टोपी बसवण्यापुरती दाढ शिल्लक होती. गालाच्या बाजूच्या हिरडीवर पुवाचे तोंड दिसत होते. दाढ किंचित हलत होती, पण खिळखिळी झालेली नव्हती. मुलीला हृदयविकार, प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार किंवा कोणत्याही औषधाची ॲलर्जी नव्हती. आयोडीनयुक्त औषधांविषयी वेगळे विचारले होते, कारण पुढच्या निर्णयात तो प्रश्न येणारच होता.

एक्स-रेमध्ये चार गोष्टी महत्त्वाच्या दिसल्या. दोन मुळांच्या दुभाजकाखाली हाड विरळ झाल्याची काळसर छाया होती. दुधाच्या दाढांमध्ये मज्जाकक्षाच्या, म्हणजे नस राहते त्या दाढेच्या आतल्या पोकळीच्या, तळातून अनेक सूक्ष्म वाटा खाली जात असल्याने संसर्ग मुळाच्या टोकाआधी इथेच दिसतो. त्या छायेच्या खाली, मुळांच्या मधोमध, येणाऱ्या कायमच्या उपदाढेचा (क्रमांक 45) अंकुर होता आणि त्याच्याभोवतीची हाडाची पांढरी रेषा अखंड होती. पुढचे मूळ पूर्ण होते, मात्र मागच्या मुळाचे टोक थोडे बोथट झाले होते. झीज मुळाच्या एक तृतीयांशाहून बरीच कमी असली तरी या वयात ती नैसर्गिक म्हणता येत नाही, ती संसर्गामुळे झालेली होती. चौथी गोष्ट म्हणजे सहाव्या वर्षी येणारी कायमची पहिली दाढ (46) अजून हिरडीखालीच होती.

वडिलांचा पहिला प्रश्न अपेक्षित होता: "डॉक्टर, दात पडणारच आहे, मग आत्ताच काढून का टाकत नाही?" दात पडणार होता हे खरे, पण केव्हा, हा खरा मुद्दा होता. खालची दुसरी उपदाढ साधारणपणे अकरा ते बाराव्या वर्षी उगवते, म्हणजे ही दुधाची दाढ अजून सुमारे सहा वर्षे जागेवर हवी होती. शिवाय कायमची पहिली दाढ अजून आलेली नव्हती. ती उगवताना याच दुधाच्या दाढेच्या मागच्या बाजूला टेकून योग्य जागी येते. हा आधार आधीच गेला तर ती पुढे सरकते आणि उपदाढेची जागा खाते. दाढ काढल्यास हिरडीत पाते रुतवून ठेवणारा जागारक्षक बसवावा लागला असता. तो पर्याय उपलब्ध असला तरी पाच वर्षांच्या मुलीच्या तोंडात तो सांभाळणे कटकटीचे असते. दाढेचा तळ शाबूत होता, मुळे पुरेशी होती, वर टोपी बसण्याजोगी होती. म्हणून मूळनलिका स्वच्छ करून दाढ राखायची, हे ठरले.

यापुढचा प्रश्न आईने विचारला. मुलांच्या दातात आपोआप विरघळणारी पेस्ट भरतात असे त्यांच्या वाचनात आले होते आणि तीच सर्वांत सुरक्षित असणार, अशी त्यांची समजूत होती. ही समजूत पालकांपुरती मर्यादित नाही. कित्येक दंतवैद्यही विरघळणे हा गुण सुटा धरून साहित्याची निवड करतात. मूळ जिथे आहे तिथे भरण टिकले पाहिजे आणि मूळ जसजसे विरेल तसतसे तेही विरले पाहिजे. यातली पहिली अट विसरली की दुसरी अट पूर्ण करूनही उपचार फसतो.

मोठ्यांच्या रूट कॅनलमध्ये वापरले जाणारे गट्टा पर्चा हे रबरासारखे साहित्य इथे का चालत नाही, ते यावरूनच कळते. खालून कायमचा दात वर येऊ लागला की दुधाच्या दाताची मुळे टोकाकडून विरत जातात. गट्टा पर्चा विरत नाही, त्यामुळे ते येणाऱ्या दाताच्या वाटेत अडथळा बनून राहते. कायमच्या दाताचा अंकुरच नसेल आणि दुधाची दाढ प्रौढ वयापर्यंत टिकवायची असेल, तेव्हा मात्र तेच किंवा एमटीए या दंत-सिमेंटसारखे न विरणारे साहित्य योग्य ठरते. म्हणून अंकुर आहे की नाही हे एक्स-रेवर पाहिल्याशिवाय साहित्याचा विचारच सुरू करू नये. आमच्या प्रकरणात अंकुर होता, त्यामुळे हा पर्याय तिथेच संपला.

उरलेल्या पर्यायांमध्ये सर्वांत जुने झिंक ऑक्साइड युजेनॉल (युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक). दुधाच्या दातांसाठी त्याची शिफारस स्वीट यांनी 1930 मध्ये केली आणि आजही ते वापरातून गेलेले नाही. ते कडक होते, नलिकेत भक्कम बसते, एक्स-रेवर स्पष्ट दिसते आणि वर्षानुवर्षे जागचे हलत नाही. त्याचा दोष याच भक्कमपणातून येतो: मुळाच्या मानाने ते सावकाश विरते. मुळाच्या टोकाबाहेर गेलेला कण दीर्घकाळ तसाच राहतो, भोवतीच्या ऊतींना युजेनॉलचा त्रास होऊ शकतो आणि मोठा तुकडा राहिलाच तर येणाऱ्या दाताची दिशा थोडी बदलण्याची शक्यता असते. दुधाचा दात पडल्यावरही हिरडीत त्याचे बारीक कण सापडतात. ते बहुधा निरुपद्रवी असतात, पण एक्स-रेवर ते पाहून पालक घाबरतात, हा अनुभव अनेकांना असेल.

दुसरे टोक म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि आयोडोफॉर्म (आयोडीनयुक्त जंतुनाशक) यांच्या तयार पेस्ट. व्हिटापेक्स आणि मेटापेक्स ही त्यांतली परिचित नावे. व्हिटापेक्समध्ये सुमारे 40 टक्के आयोडोफॉर्म, 30 टक्के कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि बाकीचा बराचसा भाग सिलिकॉन तेलाचा असतो. पेस्ट सिरिंजमध्ये तयारच मिळते, ती कडक होत नाही, रडणाऱ्या मुलाच्या तोंडात चटकन भरता येते. टोकाबाहेर गेलेली पेस्ट काही आठवड्यांत ते थोड्या महिन्यांत नाहीशी होते. एवढे ऐकून ती आदर्श वाटते. पण शरीर बाहेरची पेस्ट जशी उचलते तशी आतलीही उचलत जाते. वर्ष-दीड वर्षाने काढलेल्या एक्स-रेवर मूळ जागच्या जागी आणि त्याच्या आतली नलिका खालून अर्धी रिकामी, असे चित्र दिसू शकते. त्या पोकळीत ऊतींमधले द्रव शिरतात, आत राहून गेलेल्या जंतूंना पुन्हा वाव मिळतो. नुसते कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरले तर हाच दोष आणखी लवकर दिसतो.

तिसरा गट या दोन टोकांच्या मधला आहे: झिंक ऑक्साइड, आयोडोफॉर्म आणि थोडे कॅल्शियम हायड्रॉक्साइड यांचे मिश्रण. एन्डोफ्लास हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्याच्या पावडरीत निम्म्याहून अधिक झिंक ऑक्साइड आणि सुमारे 40 टक्के आयोडोफॉर्म असते, कॅल्शियम हायड्रॉक्साइड जेमतेम एक टक्का. द्रवात युजेनॉल असते. त्याचे वैशिष्ट्य असे की टोकाबाहेर गेलेला भाग विरतो, पण नलिकेतला भाग बहुतांशी टिकून राहतो. त्याचे तोटेही आहेत. युजेनॉल यातही आहेच, आयोडोफॉर्ममुळे दाताचा रंग पिवळट-तपकिरी होऊ शकतो आणि आयोडीनची ॲलर्जी असलेल्या मुलात ते वापरता येत नाही.

उपलब्ध पुरावा काय सांगतो? वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2018 च्या आढाव्याने पल्पेक्टॉमीसाठी, म्हणजे नस काढून मूळनलिका भरण्याच्या या उपचारासाठी, कोणतेही एक साहित्य निर्विवादपणे सरस असल्याचा निष्कर्ष काढला नाही आणि निवड चिकित्सकावर सोडली. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक डेंटिस्ट्रीने 2020 मध्ये मृत मज्जेच्या उपचारांविषयी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत मात्र, दीर्घकाळच्या यशासाठी झिंक ऑक्साइड युजेनॉल आणि वर सांगितलेले तिहेरी मिश्रण यांना नुसत्या आयोडोफॉर्म पेस्टपेक्षा पसंती दिली आहे. अठरा महिन्यांच्या पाठपुराव्यात पहिल्या दोघांचे यश सुमारे 90 टक्क्यांच्या आसपास आणि आयोडोफॉर्म पेस्टचे त्याहून बरेच कमी आढळले. या दोन्ही दस्तऐवजांत मला खरा विरोध दिसत नाही. सहा महिन्यांवर पाहिले तर जवळजवळ सगळीच साहित्ये यशस्वी दिसतात, फरक पडू लागतो तो नंतर. आणि अभ्यासातली मुले अठरा महिने किंवा दोन वर्षे पाहिली जातात, तर आमच्या मुलीची दाढ सहा वर्षे चालवायची होती. अभ्यासाचा अवधी जिथे संपतो, तिथे या दाढेच्या कामाचा पाऊणएक भाग अजून उरलेला होता. ही तफावत लक्षात घेतली की 'यशाचा दर' हा आकडा किती काळासाठीचा, हे विचारल्याशिवाय त्याचा उपयोग करू नये, असे माझे मत आहे.

नलिका पूर्ण साफ न करता प्रतिजैविकांची पेस्ट मज्जाकक्षात ठेवण्याची पद्धतही विचारात आली. मुळे बरीच विरलेली असतील आणि दात वर्षभरच टिकवायचा असेल, तर त्याच मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती पद्धत योग्य ठरते. इथे मुळे जवळजवळ पूर्ण होती आणि अवधी लांब होता, म्हणून ती बाजूला ठेवली. जुन्या, तीन प्रतिजैविकांच्या पेस्टमध्ये मिनोसायक्लिन हे टेट्रासायक्लिन वर्गातले औषध असते आणि या वर्गातील औषधे बनत असलेल्या दातांना डाग पाडतात. आता अशी मिश्रणे टाळण्याचीच शिफारस आहे.

आमचा निर्णय शेवटी झिंक ऑक्साइड युजेनॉल आणि तिहेरी मिश्रण या दोघांत होता. सहा वर्षांच्या अवधीमुळे व्हिटापेक्ससारख्या पेस्ट मागे पडल्या होत्या. मागच्या मुळाचे टोक शाबूत असते तर मी झिंक ऑक्साइड युजेनॉलच घेतले असते. परंतु बोथट झालेल्या टोकाशी नलिकेचे तोंड रुंद होते, त्यातून थोडे साहित्य बाहेर जाण्याची शक्यता होती आणि बाहेर लगेचच संसर्गाने पोखरलेले हाड, त्याच्या पलीकडे उपदाढेचा अंकुर होता. पाच वर्षांच्या वयात या उपदाढेचा शिरोभाग अजून घडत असतो. तिथे वर्षानुवर्षे न विरणारा कण नको होता. मिश्रणाचा बाहेर गेलेला भाग विरतो, हा गुण नेमका इथे कामाचा होता. दाताचा रंग बदलण्याचा तोटा या दाढेत गौण होता, कारण वर स्टेनलेस स्टीलची पूर्ण टोपी बसणार होती. हीच परिस्थिती वरच्या समोरच्या दातात असती तर रंगाचा मुद्दा एवढ्या सहज सोडता आला नसता.

भूल देऊन, रबर डॅम (दाढ लाळेपासून वेगळी ठेवणारा रबरी पडदा) लावून दाढ उघडली तेव्हा मागच्या नलिकेतून पू आला. म्हणून एकाच बैठकीत भरण करण्याचा मोह टाळला. पुढच्या मुळात दोन आणि मागच्या मुळात दोन अशा चार नलिका सापडल्या. दुसऱ्या दुधाच्या दाढेत मागची दुसरी नलिका शोधावीच लागते, ती सुटली तर कोणतेही साहित्य उपचार वाचवू शकत नाही. कार्यलांबी, म्हणजे नलिकेत अवजार जिथवर न्यायचे ते अंतर, एक्स-रेवरील टोकाच्या दीड-दोन मिलिमीटर अलीकडे ठेवली, आणि बोथट टोकाच्या मुळात आणखी थोडी अलीकडे. दुभाजकाकडची भिंत पातळ असते, म्हणून त्या बाजूला फाईल (नलिका घासण्याची बारीक सुई) दाबून फिरवली नाही. धुण्यासाठी 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइट, बाजूला छिद्र असलेल्या सुईने, अगदी हलक्या दाबाने वापरले आणि शेवटी सलाइनने नलिका धुतल्या. रुंद तोंडाच्या नलिकेतून हायपोक्लोराइट बाहेर ढकलले गेले तर होणारी इजा भरणाच्या कोणत्याही दोषापेक्षा गंभीर असते. नलिकांत कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवून तात्पुरते भरण केले. दोन आठवड्यांनी मुलगी आली तेव्हा हिरडीवरील तोंड बंद झाले होते आणि नलिका कोरड्या होत्या.

मिश्रण कसे घोटायचे याविषयी थोडे तपशिलात लिहिणे आवश्यक आहे, कारण पुस्तकात बहुधा साहित्याचे नाव असते, पोत नसतो. काचेच्या पाटीवर पावडर आणि द्रव घोटताना मी दोन पोत तयार करतो. पहिले मिश्रण एवढे सैल असते की स्पॅट्युला उचलला असता त्याची दोन-अडीच सेंटिमीटरची तार ओढली जाऊन तुटते. हे लेंट्युलोने, म्हणजे यंत्रावर फिरणाऱ्या बारीक सर्पिल तारेने, भिंतींना लावायचे. लेंट्युलोवर कार्यलांबीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी अंतरावर रबरी खूण ठेवायची, तो फिरवतच आत न्यायचा आणि फिरत असतानाच बाहेर काढायचा. आत थांबवून ओढला तर मिश्रणही त्याच्यासोबत बाहेर येते आणि पोकळी राहते. दुसरे मिश्रण बोटाला न चिकटता गोळी वळता येईल इतके घट्ट करायचे आणि छोट्या प्लगरने (साहित्य दाबायच्या दांडीने), ओलसर कापसाच्या बोळ्याखाली दाबून खाली सरकवायचे. रुंद टोकाच्या मागच्या मुळात सैल मिश्रणाचा थर नावालाच लावला आणि घट्ट मिश्रणावर भर दिला. हाताला प्रतिकार जाणवला की दाब थांबवायचा. एक्स-रे हाताच्या जाणिवेनंतर येतो.

भरणानंतरच्या एक्स-रेवर पुढच्या दोन नलिका टोकाच्या जवळपास एक मिलिमीटर अलीकडेपर्यंत सलग भरलेल्या दिसल्या. मागच्या मुळातून ठिपक्याएवढे मिश्रण बाहेर गेले होते. ते काढण्याचा प्रयत्न केला नाही. तो प्रयत्नच अधिक इजा करतो. पालकांना तो ठिपका पडद्यावर दाखवला, तो का आहे आणि पुढच्या तपासणीत काय पाहायचे ते सांगितले. मज्जाकक्षावर ग्लास आयनोमर सिमेंट घातले, कारण युजेनॉलच्या थेट संपर्कात रेझिन, म्हणजे दातात भरायचे प्लॅस्टिकसारखे साहित्य, नीट कडक होत नाही, आणि त्याच बैठकीत स्टेनलेस स्टीलची टोपी बसवली. टोपी महिनाभर पुढे ढकलली तर वरून लाळ झिरपते आणि मग खाली कोणते साहित्य भरले याला फारसा अर्थ उरत नाही.

सहा महिन्यांनी केलेल्या तपासणीत हिरडी स्वच्छ होती आणि दाढेवर ठोकून पाहिल्यावर दुखत नव्हते. दुभाजकाखालची छाया निम्म्याहून कमी झाली होती, आणि बाहेर गेलेला ठिपका अंधूक होऊन जेमतेम ओळखता येत होता. एका वर्षाने तो दिसला नाही. नलिकांमधले मिश्रण मुळांच्या पातळीला टिकून होते. मागच्या मुळाचे टोक आणखी किंचित आखूड झाले होते, आणि आतले भरणही तेवढेच वर सरकलेले दिसले. मूळ आणि भरण बरोबरीने विरत असल्याची हीच खूण हवी असते. दरम्यान कायमची पहिली दाढ उगवून टोपी घातलेल्या दाढेला टेकली होती. वडिलांनी तोपर्यंत दाढ काढण्याचा विषय पुन्हा काढला नव्हता.

वेगळ्या परिस्थितीत हाच निर्णय वेगळा असता. आठ-साडेआठ वर्षांच्या मुलात, मुळे खालून विरायला लागलेली असताना आणि खालच्या पहिल्या दुधाच्या दाढेचे आयुष्य दोनेक वर्षेच उरलेले असताना, व्हिटापेक्ससारखी पेस्ट मला पुरेशी वाटते. कडक, सावकाश विरणारे भरण तिथे उलट अडचण करते. उपचार खुर्चीत दहा मिनिटेही न बसणाऱ्या मुलावर करायचा असेल तर सिरिंजमधून भरता येण्याची सोय हाही खरा वैद्यकीय मुद्दा आहे, त्याला आळस म्हणू नये. आयोडीनच्या ॲलर्जीचा इतिहास असता तर या मुलीतही घट्ट घोटलेले झिंक ऑक्साइड युजेनॉल, टोकापासून जरा जास्त अलीकडे थांबवून, हाच मार्ग उरला असता. आणि अंकुराभोवतीची पांढरी रेषा तुटलेली दिसली असती, तर साहित्याची चर्चा न करता दाढ काढून जागारक्षक बसवणे हेच बरोबर ठरले असते.

या मुलीच्या बाबतीत अजून लक्ष ठेवण्याजोगी गोष्ट दहाव्या वर्षानंतर येईल. मृत मज्जेच्या, भरण केलेल्या दाढा कधी लवकर पडतात, तर कधी नेहमीपेक्षा जास्त रेंगाळतात. तोवर दरवर्षी एक एक्स-रे पुरेसा आहे. उपदाढेचे मूळ दोन तृतीयांश झाले असूनही दुधाची दाढ हलत नसेल, किंवा उपदाढ एका बाजूला कललेली दिसली, तर दाढ काढून टाकायची आणि उपदाढ वर येईपर्यंत जागेवर लक्ष ठेवायचे, असे पालकांना लेखी दिले आहे.